दुकानाची वाढीव वॉरंटी चालू असताना ‘फिजिकल डॅमेज’ म्हणून लॅपटॉप दुरुस्त करून देत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप 16 महिन्यांचा आहे. कंपनीची वर्षाची वॉरंटी संपली, पण घेतानाच दुकानात पैसे भरून वाढीव वॉरंटी घेतली होती आणि ती चालू आहे. झाकणाची बिजागरी तुटली, दुकानाने लॅपटॉप ठेवून घेतला, हातात फक्त टोकनची चिठ्ठी दिली आणि आता म्हणतात की हे फिजिकल डॅमेज आहे, म्हणजे पडून-आदळून झालेलं नुकसान, पैसे भरा. गेल्या वर्षी मुलीच्या लॅपटॉपच्या बाबतीत हेच माझ्यासोबत झालं, म्हणून सविस्तर लिहिते. तूर्तास पैसे भरू नका. नकार लेखी मागा.

बिजागरी का तुटते हे आधी समजून घ्या, कारण सगळा वाद तिथेच आहे. आमच्याकडे सुरुवात स्क्रीनपासून झाली. झाकण ठरावीक कोनात आलं की स्क्रीन लुकलुकायची, थोडं मागे ढकललं की ठीक. स्क्रीनकडे जाणारी बारीक केबल बिजागरीजवळूनच जाते. महिन्याभरात डावीकडची कड उकलली आणि झाकण उघडताना कट्ट असा आवाज यायला लागला. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी नटांत आवळलेले असतात. बिजागरी घट्ट झाली की झाकण उघडताना दर वेळी सगळा ताण त्या प्लास्टिकवर येतो, आणि एक दिवस नट प्लास्टिकच्या तुकड्यासकट उपटून येतो. हातातून पडलेल्या लॅपटॉपची खूण वेगळी असते: कोपरा चेपलेला, कडेला ओरखडा, बऱ्याचदा स्क्रीनला तडा. तुटलंय दोन्हीकडे, पण कारण एक नाही, आणि फोटो नीट काढले तर तो फरक दिसतो.

काउंटरवरच्या मुलाने जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीला घेताना वस्तूची स्थिती लिहितात त्या कागदावर, ‘हिंज ब्रोकन’ एवढंच लिहिलं आणि स्थितीच्या रकान्यात ‘डॅमेज’. मी त्याला थांबवलं आणि लिहायला सांगितलं: ‘झाकण घट्ट लागते, डावी कड आतून उकलली, चारही कोपऱ्यांवर चेप किंवा ओरखडा नाही.’ तो म्हणाला, ‘‘मॅडम, सिस्टिममध्ये एवढं बसत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘मग हाताने लिहा आणि शिक्का मारा.’’ मागे रांग होती, मला अवघडल्यासारखं झालं, पण मी हलले नाही. आठ दिवसांनी फोन आला की फिजिकल डॅमेज आहे, 9,400 रुपये लागतील. तेव्हा माझ्याकडे दाखवण्यासारखं जे काही होतं ते त्या हाताने लिहिलेल्या दोन ओळींत होतं.

तुमच्याकडे जॉबशीट नाही, म्हणून ती उणीव आजच ईमेलने भरून काढा. लॅपटॉप कोणत्या तारखेला दिला, टोकन क्रमांक, मॉडेल, सिरीयल नंबर (खोक्यावर असतो, बहुतेक वेळा बिलावरही असतो), बिघाड काय आणि देताना बाकी लॅपटॉप कसा होता, हे सगळं लिहा. देण्याआधी काढलेला एखादा फोटो फोनमध्ये सापडला तर जोडा. मग तीन गोष्टी विचारा: वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली नकार देताय, पडल्याची किंवा आदळल्याची खूण नेमकी कुठे आहे, आणि तंत्रज्ञाचा अहवाल फोटोंसह कधी देणार. फोनवर बोलणं झालंच तर ‘आत्ता आपलं असं बोलणं झालं’ म्हणून लगेच मेल टाका.

दुकान कदाचित सांगेल की ही योजना दुसऱ्याच कंपनीची आहे, त्यांना विचारा. बिल काढून बघा. त्या योजनेचे पैसे दुकानाने घेतल्याची ओळ बिलावर असेल, तर दुकानाला अंग काढून घेऊ देऊ नका, दोघांनाही एकाच मेलमध्ये घ्या. अटींची पुस्तिका मात्र शांतपणे वाचा. बॅटरी, चार्जर, पाणी सांडणं, पडणं या गोष्टी बऱ्याच योजनांत वगळलेल्या असतात. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. लॅपटॉप खरंच पडला असेल तर तसं लपवू नका. तो मार्ग वेगळा आहे.

आठवड्याभरात धड उत्तर आलं नाही तर 1915 वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. ते दुकानाला आदेश देऊ शकत नाहीत, तक्रार पुढे पाठवतात आणि उत्तर मागतात. पण माझ्या बाबतीत तेवढंच पुरलं. दोन मेलना तेच छापील उत्तर देणाऱ्या दुकानाने तक्रारीनंतर अकराव्या दिवशी स्वतःहून फोन केला आणि बिजागरी, वरचं कव्हर, केबल सगळं विनामूल्य बदलून दिलं.

तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मी सांगलीची, लॅपटॉप पुण्यात घेतलेला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे मला पुण्याला खेपा घालाव्या लागल्या नसत्या. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून अर्ज करता येतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. निकाल तीन महिन्यांत आणि वस्तू तपासावी लागली तर पाच महिन्यांत देण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात वेळ त्याहून जास्त लागतो. म्हणूनच मी आधी 1915 सांगितलं.

तुमचा लॅपटॉप त्यांच्याकडेच आहे, म्हणून डेटाबद्दल एक महत्त्वाचं. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला तर विंडोज चालू होताना बिटलॉकरची (डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवरून लॉगिन करून आजच वहीत उतरवून ठेवा. ती नसेल तर आतलं सगळं तसंच कुलूपबंद राहतं. मुलीचं सबमिशन जवळ आलं होतं आणि आम्ही कॉपी घेतली नव्हती. ते दिवस फार काळजीत गेले.

लॅपटॉप परत घेताना ‘काम समाधानकारक’ असं छापलेल्या कागदावर सही मागतात. मी काउंटरवरच झाकण दहा-बारा वेळा उघडून मिटलं, प्रत्येक कोनात स्क्रीन बघितली, मग लॅपटॉप उलटा केला. तळाचे दोन स्क्रू नव्हते. ते आतून आणून बसवले, मग सही केली.