रोज तासन्‌तास मायक्रोस्कोपमधून पाहिल्याने डोळे खराब होतात का?

आपण लातूरला डीएमएलटीच्या, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा-तंत्रज्ञाच्या पदविकेच्या, पहिल्या वर्षाला आहात, रोज चार-पाच तास स्लाइड पाहाव्या लागतात, संध्याकाळी कपाळ ठणकते, आणि हे काम करून डोळे जातील असे घरचे म्हणतात, असे आपण लिहिले आहे. अंबाजोगाईच्या परिसरात बावीस वर्षे मी थुंकीचे आणि रक्ताचे नमुने तपासत आलो आहे. माझे उत्तर असे, की नीट जुळवलेल्या मायक्रोस्कोपमधून पाहिल्याने डोळा निकामी होत नाही. तो थकतो, आणि बहुतेक वेळा यंत्र आपल्या डोळ्याला जुळवून न घेता डोळाच यंत्राला जुळवत बसल्यामुळे थकतो.

नवशिक्याला वाटते, की चित्र नळीच्या तळाशी आहे, म्हणून तो सुईत दोरा ओवताना ताणावी तशी नजर ताणतो. वास्तविक आयपीसमधून, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातून, बाहेर पडणारे किरण जवळजवळ समांतर असतात, म्हणजे फार दूरच्या वस्तूकडून यावेत तसे. आमच्या खिडकीतून बालाघाटचे डोंगर दिसतात; मी आधी क्षणभर तिकडे पाहतो, आणि त्याच सैल नजरेने आयपीसला डोळा लावून स्क्रूने चित्र स्पष्ट करतो. यंत्र एका नळीचे असेल तर दुसरा डोळा मिटू नका. सुरुवातीला त्या डोळ्याला टेबल दिसत राहील, पण काही दिवसांच्या सवयीने त्याकडे लक्ष जाईनासे होते. दोन नळ्यांचे असेल तर आधी नळ्यांमधले अंतर दोन वर्तुळांचे एक होईपर्यंत कमी-जास्त करा, मग ज्या नळीवर फिरती कडी नाही तिच्यातून बारीक स्क्रूने चित्र स्पष्ट करा, आणि दुसऱ्या डोळ्यासाठी स्क्रूला हात न लावता फक्त ती कडी फिरवा. आपल्या आधी बसलेल्याने ती स्वतःच्या डोळ्याप्रमाणे ठेवलेली असते, आणि माझ्या पाहण्यात निम्मी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

चष्म्याला केवळ उणे किंवा अधिक नंबर असेल तर तो काढून पाहिले तरी चालते, कारण तेवढा फरक फोकसमध्ये भरून निघतो. सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे ठरावीक दिशेतला दोष भरून काढणारा नंबर, असेल तर मात्र चष्मा ठेवावाच लागतो.

खरा धोका उन्हाचा आहे. जुन्या आरशाच्या यंत्रावर थेट सूर्य कधीही घेऊ नका. भिंगांनी एकवटलेले ऊन डोळ्यातील पडदा जाळू शकते, आणि त्या वेळी दुखतही नाही. आमच्या काळी प्रात्यक्षिकाच्या दिवशी हमखास वीज जायची, आणि मार्चच्या टळटळीत दुपारी मुले आरसा पश्चिमेच्या खिडकीकडे वळवायची. एका मित्राच्या नजरेसमोर त्यानंतर कित्येक दिवस काळा ठिपका राहिला होता. आरसा उत्तरेच्या मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे वळवावा. तेवढा उजेड पुरतो.

दुसरी गोष्ट डोळे येण्याची. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर ही साथ पसरली होती, तेव्हा आम्ही आयपीसची कडा प्रत्येक वेळी ७० टक्के अल्कोहोलने ओलसर केलेल्या लेन्स पेपरने पुसत होतो. ती सवय पुढेही ठेवली आहे. ज्याचे डोळे आले आहेत त्याने सामाईक यंत्रावर बसूच नये. स्लाइड रंगवतानाचे आम्ल किंवा कार्बोल फुक्सिन हे लाल रंगाचे द्रावण डोळ्यात उडाले तर निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे, आणि मग डॉक्टरांकडे जावे. २०१६ साली आपल्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यातही आमच्याकडे झाकलेली एक बादली केवळ यासाठी भरलेली असे.

क्षयरोगासाठी थुंकीची स्लाइड निगेटिव्ह म्हणण्याआधी १०० फील्ड, म्हणजे एका वेळी दिसणारी वर्तुळे, पाहावी लागतात, आणि त्या नादात पापण्या लवायच्या राहून जातात. मे महिन्याच्या कोरड्या हवेत पंख्याखाली तर डोळे चुरचुरतातच. वीस मिनिटांनी मान वर करून दूर पाहावे, आणि एवढे करूनही कपाळ ठणकत असेल तर सिलिंड्रिकल नंबर तपासून घ्यावा.

शेवटी, चित्रात दिसणाऱ्या ठिपक्यांविषयी. आयपीस फिरवल्यावर ठिपका फिरला तर घाण आयपीसवर आहे, स्लाइडबरोबर सरकला तर स्लाइडवर आहे, आणि नजरेबरोबर तरंगत राहिला तर तो आपल्या डोळ्यातला आहे. असे एखाद-दोन तरंगते ठिपके बहुतेकांना दिसतात, पण ते एकाएकी वाढले किंवा सोबत विजेसारखी चमक दिसू लागली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.