संगीतकारांनी स्वतः काढलेली म्युझिक लेबलं त्यांच्या कलाकारांना खरंच मदत करतात का?

गाणं चांगलं व्हायला मदत करतात. पैसे मिळायला करतीलच असं नाही.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मालक स्वतः संगीतकार असला की कलाकाराचं दुखणं त्याला कळतं, म्हणून मोठ्या कंपनीपेक्षा असं लेबल, म्हणजे गाणी काढणारी त्याची स्वतःची कंपनी, बरं. नाशकात हे वाक्य मी फार ऐकतो. गायक-वादकांचे करार आणि रॉयल्टीची स्टेटमेंटं तपासणं हे माझं काम, त्यामुळे उत्तर थोडं तिखट होणार. दुखणं कळतं, मान्य. पण करार लिहिताना तोच माणूस टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो.

मदत कुठे होते ते आधी सांगतो, कारण ती खोटी नाही. पट्टी गळ्याला धरून ठरते, ट्रॅक आधी बनवून गायिकेला त्यात कोंबत नाहीत. ढोलकी, संबळ, नाशिक ढोल यांना लूपऐवजी, म्हणजे तयार रेकॉर्ड केलेल्या तुकड्याऐवजी, खरा वादक येतो. हे फक्त कानाच्या समाधानाचं नाही. बाजारातल्या पॅकमधलं लूप वापरलं तर तेच लूप आणखी शंभर गाण्यांत असतं, आणि यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाणं कोणाचं ते ओळखणाऱ्या यंत्रणेत, गाणं नोंदवलं की एकमेकांवर मालकीचे क्लेम पडायला लागतात. क्लेमचा निकाल लागेपर्यंत कमाई अडकते. खरा वादक बसवलेल्या गाण्यात ही कटकट नसते. मात्र वादकाचं संमतिपत्र त्याच दिवशी घ्यावं. ढोलपथक असेल तर प्रत्येकाचं.

आता हिशेबाच्या वहीकडे या. सिन्नरकडच्या एका गायिकेचा करार माझ्याकडे आला होता. लेबल एका स्थानिक संगीतकाराचं, स्टुडिओ त्याचाच. नाव सांगणार नाही, आकडेही गोल करून देतो. एका गाण्याचा खर्च असा लावला होता: अरेंजमेंट ३०,०००, स्टुडिओ १०,०००, मिक्सिंग-मास्टरिंग १५,०००, व्हिडिओ १,२५,०००, प्रमोशन २०,०००. एकूण २ लाख. गायिकेचा वाटा ३० टक्के. ऐकायला वाईट नाही.

गाण्याने कालांतराने ३ लाख मिळवले असं धरू. डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे गाणं स्ट्रीमिंग ॲप्सवर पोचवणाऱ्याचे, १५ टक्के, म्हणजे ४५,००० गेले. उरले २,५५,०००. इथून दोन रस्ते फुटतात आणि सगळा खेळ इथेच आहे. खर्च आधी एकूण रकमेतून वजा केला तर ५५,००० उरतात आणि गायिकेला १६,५०० मिळतात. कमी आहेत, पण मिळतात. त्या करारात मात्र खर्च 'कलाकाराच्या हिश्श्यातून वसूल करण्यात येईल' असं होतं. म्हणजे तिचा हिस्सा धरायचा ७६,५००, आणि तो २ लाखांच्या खात्यात वळता करायचा. तिच्या हातात शून्य, वर १,२३,५०० बाकी. त्याच वेळी लेबलचे २ लाख वसूल होऊन ५५,००० वर सुटलेत. एकाच गाण्यात लेबल फायद्यात आणि गायिका कर्जात!

अजून एक गंमत. त्या २ लाखांतले ५५,००० अरेंजमेंट, स्टुडिओ आणि मिक्सिंगचे. ते गेले कुठे? मालकाच्याच स्टुडिओत, पूर्ण बाजारभावाने. म्हणजे त्याच्या खिशातून खरे गेले १,४५,०००, आणि वसुली २ लाखांची. मोठी कंपनी हे करत नाही असं नाही, पण तिथे स्टुडिओचं बिल बहुतेक वेळा तिसऱ्याचं असतं आणि ते मागता येतं. इथे बिल बनवणारा, पास करणारा आणि वसूल करणारा एकच.

आमचे एक संगीतकार मित्र, कॉलेज रोडवर भेटले की यावरून भांडतात. 'माझ्या पोरांना मी फसवीन का?' फसवाल असं कोणीच म्हणत नाही हो. पण हिशेब तुमच्या डोक्यात आणि स्टेटमेंट 'या दिवाळीला देतो' असं असलं, की पोरगी विचारायलाही लाजते, कारण तुम्ही तिचे गुरुजी. परक्या कंपनीला ती नोटीस पाठवू शकते. तुमच्या पाया पडून आलेली असते, तुम्हाला कशी पाठवणार? हे ते कधीच मान्य करत नाहीत.

आणि नुसत्या चांगल्या हेतूवर संस्था चालत नाही, हे नाशिककराला वेगळं सांगायला नको. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांच्या हेतूबद्दल कोण शंका घेईल? मैफलींच्या कमाईवर त्यांनी गांधर्व महाविद्यालय ही संगीत शिकवणारी संस्था उभी केली, तिची मुंबईची इमारत कर्जापायी गेली आणि ते इथे पंचवटीत येऊन राहिले. एका माणसाच्या कार्यक्रमांवर सगळं उभं असलं की असं होतं.

बाहेरही तेच दिसतं. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने १९७४ साली डार्क हॉर्स हे लेबल काढलं, तेव्हा पहिल्याच खेपेत पंडित रविशंकरांची तबकडी आली. ही खरी मदत. पण १९७६ मध्ये हॅरिसन काविळीने आजारी पडला, त्याचा स्वतःचा अल्बम लांबला, वितरण करणाऱ्या ए अँड एम कंपनीने दावा ठोकला आणि अख्खं लेबल वॉर्नर या मोठ्या कंपनीकडे गेलं. बाकीच्या कलाकारांनी काय केलं होतं? काहीच नाही. बीटल्सच्या ॲपल या लेबलनेही १९६८ मध्ये गायिका मेरी हॉपकिनचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं, कारण बीटल्सचा पॉल मॅकार्टनी स्वतः निर्माता म्हणून बसला. त्याच वर्षी तिथेच पहिला अल्बम काढणाऱ्या गायक जेम्स टेलरचं नाव मात्र वॉर्नरकडे गेल्यावर, १९७० मध्ये झालं. मालकाचं लक्ष ज्याच्यावर, त्याचं भलं. उलट उदाहरण वॉशिंग्टनच्या डिस्कॉर्ड या लेबलचं, १९८० पासूनचं. लेखी करार नाही, खर्च वजा जाता नफा बँड आणि लेबल यांच्यात वाटून. ते टिकलं, कारण रेकॉर्डिंगचा खर्च मुळात कमी ठेवला. सव्वा लाखाचा व्हिडिओ करून असला विश्वास परवडत नाही.

मालकाला सिनेमाचं काम लागलं की तुमची गाणी हार्डडिस्कमध्ये पडून राहतात, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ इथे कामाला येतं. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर ते तुमच्याकडे परत येतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच प्रत्येक मसुद्यात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' छापलेलं असतं. ते खोडून ५ किंवा ७ वर्षं लिहून घ्या, आणि रेकॉर्डिंगनंतर सहा महिन्यांत गाणं आलं नाही तर हक्क परत, हेही. मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, परत मिळाला की दुसरीकडून टाकताना जुनाच आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, द्या, नाहीतर आधीचे स्ट्रीम्स नव्या गाण्यावर येत नाहीत.

शब्द तुमचे असतील तर गीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व आधी घ्या. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा हक्क लेबलला देऊन टाकताच येत नाही. सही केली असली तरी. पण संगीतकार-मालक इथे एक वेगळी गोष्ट करतो: दोन ओळी बदलतो आणि गीतकारात स्वतःचं नाव जोडतो. शब्द पक्के झाले की कोणाचा किती टक्के वाटा ते व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. नुसतं गायलं असेल तर आयपीआरएसचा उपयोग नाही. गायकांची संस्था वेगळी आहे, इस्रा, आता इसाम्रा.

सुपाऱ्यांचा मुद्दा राहिलाच. गणपती, नवरात्र, जत्रा, हळद, गायकाचं घर यावरच चालतं. करारात 'सर्व कार्यक्रमांच्या मानधनाच्या २० टक्के' असेल तर तो फक्त लेबलने आणून दिलेल्या सुपाऱ्यांपुरता ठेवा. रॉयल्टीवर टीडीएस कापला असेल तर तुमच्या पॅनवर दिसतो का पाहा. कापला आणि भरलाच नाही, असंही सापडतं.

आता जरा दुसरी बाजू. मोठ्या कंपन्यांचे करार याहून कडक असतात आणि त्या नवख्याला दारातही उभं करत नाहीत. वर्षाला ठरावीक पैसे भरून डिस्ट्रिब्युटरकडून स्वतः गाणं टाकता येतं, पण मग व्हिडिओचे सव्वा लाख तुमचे. नाशकातच तीन महिन्यांनी न मागता स्टेटमेंट देणारे संगीतकार-मालकही आहेत. त्यांच्याकडे डोळे झाकून नाही, पण आनंदाने सही करा.

पाच गाण्यांचा करार असेल तर मात्र प्रत्येक गाण्याचं खातं वेगळं मागा. स्पॉटिफाय २०२४ पासून बारा महिन्यांत १००० स्ट्रीम्सही न झालेल्या गाण्याला रॉयल्टी देत नाही. दोन गाणी त्याखाली राहिली आणि खातं एकत्र असलं, तर त्या दोन गाण्यांचा खर्च चाललेल्या तीन गाण्यांच्या कमाईतून कापला जातो.