जुन्या स्विफ्टच्या पुढच्या सस्पेन्शनमधून आवाज येतो. कडक स्प्रिंगा बसवाव्यात का?

तुमच्या 2008 च्या स्विफ्टमधून कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर छोट्या खड्ड्यांतून सावकाश जाताना टकटक आवाज येतो, ब्रेक दाबल्यावर गाडी किंचित एका बाजूला सरकते आणि फिटरने कडक स्प्रिंगा व पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक कृत्रिम पदार्थाचे) बुश, म्हणजे सांध्यांतल्या लवचिक गाद्या, सुचवले आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्याकडेही याच पिढीची स्विफ्ट आहे आणि तिचे पुढचे काम मी गॅरेजमध्ये उभा राहून करून घेतले आहे. माझे मत स्पष्ट आहे: स्प्रिंग तुटलेली किंवा दबून खचलेली नसेल, तर ती बदलू नका. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणे झिजलेल्या सांध्यांची आणि रबराची आहेत.

सावकाश चालताना एकच चाक खाली-वर झाले की येणारी टकटक बहुधा लिंक रॉडची, म्हणजे अँटीरोल बारला (गाडीचे कलणे कमी करणाऱ्या आडव्या दांड्याला) सस्पेन्शनशी जोडणाऱ्या छोट्या दांड्याची असते. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढून त्याच रस्त्यावर अगदी हळू थोडे अंतर जाऊन पाहा. आवाज थांबला, तर खात्री पटेल. ब्रेक दाबल्यावर सरकण्याचा संशय मात्र मी आधी लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या हाताच्या) मागच्या बुशवर घेईन, कारण त्याचे रबर फाटले की ब्रेकच्या जोराने चाक जागेवरून मागे ढळते. गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, बुशपाशी टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलकेच उचकावे. वरून ठीक दिसणाऱ्या रबराची भेग अशा वेळी उघडी पडते. कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकल्यानेही गाडी एका बाजूला ओढते, म्हणून तोही पाहून घ्या. त्याच वेळी चाक वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग आणि तसाच राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा) तपासावा.

कडक स्प्रिंगेचा मोह मी समजू शकतो, पण दबलेली स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला आवरण्याचे काम शॉकअपचे असते आणि थकलेला शॉकअप मूळ स्प्रिंगसुद्धा नीट आवरू शकत नाही. पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ असतात, मात्र रबर जो धक्का गिळते तो ते पत्र्यापर्यंत पोचवतात आणि योग्य ग्रीस नसेल तर कुरकुरतात. सतरा-अठरा वर्षांच्या बॉडीवर तो मारा कशासाठी करायचा?

या गाडीसाठी खरी सुधारणा म्हणजे मूळ दर्जाचे नवे भाग, एकाच वेळी आणि दोन्ही बाजूंना: शॉकअप, त्यांची वरची माउंटिंग व बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा तुकडा), लिंक रॉड आणि बॉल जॉइंटसह लोअर आर्म. शॉकअप उतरवल्यावर जुनी माउंटिंग परत बसवणे ही खोटी काटकसर आहे, कारण मजुरी पुन्हा तेवढीच पडते. स्प्रिंग कंप्रेसरने दाबून धरल्याशिवाय शॉकअपचा वरचा मधला नट कोणालाही सोडू देऊ नका. त्यात जीव जाऊ शकतो.

एका गोष्टीसाठी मात्र तिथे हजर राहाच. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट चाके हवेत लोंबकळत असताना शेवटपर्यंत आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि नवा बुश अकाली फाटतो. बोल्ट आधी सैलसर लावावेत, गाडीचे वजन चाकांवर येऊ द्यावे आणि मगच टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाने आवळावेत. आमच्या फिटरने हे कोणी न सांगता केले, तेव्हा त्याच्या हातावरचा माझा विश्वास दुणावला.

काम झाल्यावर अलाइनमेंट करून छापील आकडे मागून घ्या. या रचनेत मुख्यतः टो (वरून पाहताना चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप) जुळवता येतो. कॅम्बरला (समोरून पाहताना चाकाच्या कलाला) शॉकअपच्या खालच्या बोल्टांपाशी मिळेल तेवढीच थोडी मोकळीक असते. नवे भाग बसवूनही दोन बाजूंच्या कॅम्बरमध्ये मोठा फरक राहिला, तर नकल (चाकाचे बेअरिंग धरणारा भाग) किंवा खालची फ्रेम वाकली आहे का, हे तपासून घ्या.