आधी ठरवून मग केलेली प्रार्थना

प्रिय बेटा,

प्रभू येशूमध्ये सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुण्याची नोकरी सोडून रावेरजवळच्या घरच्या तीन एकरांत कर्ज काढून केळी लावावी का, असं तू विचारलं आहेस. पण तिसऱ्याच ओळीत "प्रभूनेच हे मनात घातलं" असंही लिहिलंस. ते वाक्य सध्या बाजूला ठेव. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण देवाचं नाव घेतलं की घरात कोणी प्रश्न विचारायला धजत नाही, तुझे वडीलही नाहीत, आणि हळूहळू आपणही स्वतःला विचारायचं सोडून देतो.

यिर्मयाचा ४२वा अध्याय काढ आणि त्याआधीच्या दोन ओळीही वाच. यरुशलेम पडलं होतं, उरलेली माणसं घाबरलेली होती. ती यिर्मया संदेष्ट्याकडे आली आणि म्हणाली, आमच्यासाठी प्रार्थना कर; उत्तर बरं असो की वाईट, आम्ही ऐकू. १० दिवसांनी देवाचं उत्तर आलं, इथेच राहा. तीच माणसं यिर्मयाला म्हणाली, तू खोटं बोलतोस. असं का झालं? ४१व्या अध्यायाच्या शेवटी बघ, विचारायला येण्याआधीच ते मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाटेवर बेथलेहेमाजवळ मुक्कामाला होते. गाठोडी बांधून झाली होती. त्यांना वाट नको होती, शिक्का हवा होता.

म्हणून पहिलं काम हे कर. कागदावर एक ओळ लिही: "मला मनातून काय हवं आहे?" आणि तिच्याखाली खरं कारण लिही. साहेबाचा जाच असेल तर तेच लिही. गावात मान हवा असेल, भाऊबंदांना दाखवून द्यायचं असेल, तर तेही लिही. यात पाप नाही. पण लपवलेलं कारण पुढच्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून बसतं.

आता तुझे आकडे. पाच बाय पाच फुटांवर एकरी साधारण १,७४० झाडं, म्हणजे तीन एकरांत ५,२०० धरलीस, ते बरोबर. पुढे सगळ्या झाडांचे घड निघतील आणि रास, म्हणजे एका घडाचं सरासरी वजन, २५ किलोची पडेल असं धरून १,३०० क्विंटल काढलेस. आता दहातलं एक झाड गेलं असं धर. मे-जूनच्या वादळात बागा आडव्या होतात, सीएमव्ही हा विषाणूरोग आला तर रोपं उपटून फेकावी लागतात. रास १८ किलोची धर. ४,६८० झाडं, ८४२ क्विंटल. भावाला हात न लावता एक तृतीयांशाहून जास्त माल कागदावरून गेला. तू कुठेही खोटं लिहिलेलं नाहीस, फक्त प्रत्येक जागी सगळ्यात चांगला आकडा उचललास. नोकरीच्या बाजूला मात्र घरभाडं, बसचा वेळ, मानसिक त्रास पैन् पै मोजलास, आणि शेतीच्या बाजूला मजुरी, वीज, कर्जाचं व्याज "किरकोळ" म्हणून सोडलंस. थैलीत एक मोठं आणि एक लहान वजन ठेवू नको, असं पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात सांगितलं आहे. आपण ते बाजारातल्या तराजूपुरतं वाचतो, पण तराजू मनातही असतो.

भावाचंही तसंच. बोर्डभाव, म्हणजे जाहीर होणारा भाव, वेगळा आणि बांधावर हातात पडलेला भाव वेगळा. तुझी केळी ज्या महिन्यात कापणीला येईल, त्याच महिन्याच्या मागच्या तीन वर्षांच्या पावत्या वडिलांकडे किंवा शेजाऱ्यांकडे माग. तिन्हींतला सर्वांत कमी भाव घेऊनही हप्ता निघतो का, ते बघ.

मग माणसं. नीतिसूत्रे १८:१७ चा अर्थ असा, की आधी बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन तपासेपर्यंत. तू आतापर्यंत रोपवाटिकेवाल्याला विचारलंस आणि ज्याची बाग साधली त्या मित्राला. रोपवाटिकेवाल्याला त्याची रोपं विकायची आहेत. आता ज्याने केळी मोडून कापूस घेतला त्याच्याकडे जा आणि मधे न बोलता अर्धा तास ऐक. अहाब राजाकडे लढाईला होकार देणारे ४०० संदेष्टे होते, तरी त्याच्या सोबतीच्या यहोशाफाट राजाला आणखी एक माणूस हवा होता. मीखाया संदेष्ट्याला बोलावलं, पण त्याचं ऐकलं मात्र नाही. विचारणं आणि ऐकणं यांत एवढं अंतर असतं. वडिलांना "लावू का?" असं विचारू नकोस. मुलगा घरी येतोय म्हटल्यावर ते हो म्हणणारच. "तुमच्या मते यात कुठे बुडेल?" असं विचार.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजापुढे त्याच्याच पापाची गोष्ट दुसऱ्याची म्हणून मांडली, तेव्हा राजाने क्षणात बरोबर न्याय केला. तूही तसं कर. हीच परिस्थिती दुसऱ्या एका मुलाची म्हणून एका पानावर लिही, तीन दिवस पेटीत ठेव, मग वाचून त्याला सल्ला दे. जो सल्ला त्याला देशील तोच तुझा.

डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते वचन घ्यायचं, हे करू नकोस. मनाजोगं वचन येईपर्यंत माणूस पानं उलटत राहतो. याकोबाच्या पत्रात ज्ञान मागायला सांगितलं आहे, आणि लूकच्या १४व्या अध्यायात बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो. प्रार्थना कर आणि हिशेबही कर. प्रार्थनेत मात्र एक वाक्य रोज मोठ्याने म्हण, "प्रभू, तू नाही म्हणालास तरी चालेल." ते ज्या दिवशी घशात अडकेल, त्या दिवशी कर्जाच्या कागदावर सही करू नकोस.

निर्णय कोणताही झाला तरी त्याची कारणं, धरलेले आकडे आणि "असं झालं तर मी थांबेन" अशी एक मर्यादा तारखेसह लिहून ठेव. वर्षानंतर तोच कागद काढायचा. नाहीतर बाग साधली तर आपली हुशारी आणि बुडाली तर देवाची इच्छा, अशी गोष्ट मन परस्पर रचून टाकतं.

नोकरीचा राजीनामा अजून देऊ नकोस. मे महिन्यात आठ दिवसांची सुट्टी काढून ये, दुपारी दोन वाजता शेतात उभा राहा, रात्री लाइट येईल तेव्हा मोटार सुरू करायला जा. तो हिशेबाचा कागद आणि पेटीतलं पान दोन्ही सोबत आण. आपण समोरासमोर बसून वाचू.

तुझा,
काका