बंदिस्त गॅरेज नसताना जुन्या पद्मिनीचा संपूर्ण विमा उतरवता येतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: १९७८ सालची, वडिलांकडून आपल्याकडे आलेली प्रीमियर पद्मिनी ठाण्यातील सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते, विमा कंपन्यांच्या संकेतस्थळांवर तिला केवळ थर्ड पार्टी, म्हणजे इतरांच्या नुकसानीपुरता, विमा मिळतो, आणि क्लासिक गाडीच्या संपूर्ण विम्यासाठी स्वतःचे बंदिस्त गॅरेज लागते असे आपल्या वाचनात आले आहे. तर असा विमा उतरवता येईल का?

येईल. माझी १९६७ सालची फियाट ११०० पुण्यात सोसायटीच्या उघड्या जागेतच उभी असते आणि तिचा संपूर्ण विमा मी नियमाने उतरवत आलो आहे. गॅरेज नसणे ही आपली खरी अडचण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. खरी अडचण गाडीची विमा रक्कम ठरवण्याची आहे, आणि आपली सारी मेहनत तिथे लागली पाहिजे.

गॅरेजच्या अटीबद्दल आपण जे वाचले ते बहुधा इंग्लंड-अमेरिकेतील क्लासिक गाड्यांच्या खास पॉलिसींविषयी असावे. तिकडे गाडी रात्री कुठे उभी असते यावर हप्ता आणि कित्येकदा पॉलिसी मिळणे न मिळणेही अवलंबून असते. आपल्याकडे २००२ च्या मोटर टॅरिफने, म्हणजे वाहन विम्याच्या सक्तीच्या दरपत्रकाने, खासगी गाडीच्या ‘ओन डॅमेज’ (स्वतःच्या गाडीचे नुकसान) भागाचा दर ठरवताना इंजिनाची क्षमता, गाडीचे वय, नोंदणीचे क्षेत्र आणि विमा रक्कम या चारच गोष्टी धरल्या होत्या. २००७ पासून कंपन्यांना दर ठरवण्याची मोकळीक मिळाली, तरी पॉलिसीची मूळ शब्दरचना बहुतांशी तीच राहिली आणि गॅरेज ही तिची पूर्वअट नाही.

मात्र काही कंपन्यांच्या प्रपोजल फॉर्ममध्ये गाडी रात्री कुठे उभी असते, हा प्रश्न असतो. तिथे एजंट सवयीने ‘गॅरेज’ असे भरून टाकतात, तसे त्यांना भरू देऊ नका. रेरा या गृहप्रकल्पांविषयीच्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गॅरेजला छप्पर आणि तीन बाजूंना भिंती लागतात. उघडी जागा त्यात मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या मुंबईच्याच प्रकरणात उघडे किंवा स्टिल्टखालचे (इमारतीच्या खांबांमधले) पार्किंग म्हणजे फ्लॅटसारखे स्वतंत्रपणे विकता येणारे गॅरेज नव्हे, असा निर्णय दिला. विमा हा पूर्ण विश्वासाचा करार आहे आणि फॉर्ममधील चुकीचे उत्तर दाव्याच्या वेळी आपल्याच विरुद्ध वापरले जाऊ शकते. ‘सोसायटीच्या आवारातील उघडे पार्किंग, फाटकावर पहारेकरी’ असे जे खरे आहे तेच लिहावे, आणि सोसायटीच्या सचिवांकडून आपल्याला दिलेल्या जागेचा क्रमांक व गाडीचा नंबर असलेले पत्र घेऊन ते फॉर्मला जोडावे. हे पत्र कुणी मागत नाही, पण गाडी चोरीला गेली किंवा आवारातच तिचे नुकसान झाले, तर ती नेहमी कुठे असे याचा हाच लेखी पुरावा ठरतो.

आता विमा रकमेकडे, म्हणजे आयडीव्हीकडे येतो. नव्या गाडीचे आयडीव्ही घसाऱ्याच्या तक्त्यावरून निघते. सहा महिन्यांच्या आतील गाडीला पाच टक्के घसारा, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीला पन्नास टक्के. पाच वर्षांपुढील गाड्या आणि उत्पादन बंद झालेली मॉडेल्स यांच्यासाठी तक्ता नाही. त्यांची रक्कम विमा कंपनी आणि विमेदार यांनी आपसांत समजुतीने ठरवावी, असे टॅरिफच सांगते. पद्मिनी दोन्ही निकषांत बसते. संकेतस्थळाला मात्र समजूत घालता येत नाही. बंद पडलेल्या मॉडेलची किंमत त्याच्या यादीत नसली की ते थर्ड पार्टीवर येऊन थांबते. म्हणून शाखेत जाऊन विकास अधिकाऱ्याशी किंवा शाखा व्यवस्थापकाशी समोरासमोर बोलावे लागते. माझा अनुभव असा की सरकारी कंपन्यांच्या शाखांमध्ये हे संभाषण अधिक सहज होते, कारण तिथे जुन्या गाड्यांच्या फायली हाताळलेली माणसे अजून आहेत.

या संभाषणात बहुतेक मालक हप्ता वाचवण्यासाठी पन्नास-साठ हजारांचे आयडीव्ही मान्य करून बाहेर पडतात. याचा परिणाम काय होतो, हे एका हिशेबाने सांगतो. समजा, पावसाळ्यात गुलमोहराची फांदी गाडीच्या टपावर पडली. टपाच्या डेंटिंगची मजुरी तीस हजार, पेंटिंगचे एकत्रित बिल चाळीस हजार, समोरची काच सहा हजार आणि रबरी बिडिंग दोन हजार, असा एकूण अठ्ठ्याहत्तर हजारांचा खर्च झाला. दहा वर्षांपुढील गाडीच्या बदललेल्या धातूच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो, पण इथे पत्रा ठोकून सरळ केला आहे आणि मजुरीवर घसारा नसतो, म्हणून तीस हजार पूर्ण धरले जातात. पेंटिंगच्या एकत्रित बिलात रंगसाहित्य पंचवीस टक्के, म्हणजे दहा हजार मानले जाते आणि त्याच्या निम्मे, पाच हजार, कापले जातात. काचेवर घसारा नाही. रबरावर पन्नास टक्के, म्हणून तिथे एक हजार गेले. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट एक हजार. म्हणजे कंपनीकडून एकाहत्तर हजार रुपये यायला हवेत, जे इतक्या जुन्या गाडीसाठी फारच चांगले आहेत.

परंतु आयडीव्ही साठ हजार असेल तर हे काहीच घडत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या पंचाहत्तर टक्क्यांहून, म्हणजे इथे पंचेचाळीस हजारांहून, अधिक झाला की गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ ठरते. मग दुरुस्तीचा प्रश्नच मिटतो. कंपनी आयडीव्हीच्या हिशेबाने रक्कम चुकती करते आणि गाडी एक तर भंगाराच्या भावाने तिच्याकडे जाते किंवा तो भाव वजा करून आपल्याकडे राहते. एका फांदीपायी वडिलांची गाडी कागदोपत्री भंगारात निघते. आयडीव्ही तीन लाख असते तर मर्यादा सव्वादोन लाख झाली असती आणि हाच दावा सरळ मंजूर झाला असता. वाढीव आयडीव्हीचा खर्चही फार नसतो: मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हजार ते दीड हजार सीसीच्या, दहा वर्षांपुढील गाडीचा जुना टॅरिफ दर साडेतीन टक्क्यांच्या किंचित वर होता, म्हणजे एका लाखामागे सुमारे साडेतीन हजार रुपये, आणि आता कंपन्या त्यावरही सूट देऊ शकतात.

ही रक्कम मागायची तर पुरावा हवा. परवानाधारक सर्वेक्षकाकडून किंवा मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्यांकन अहवाल घ्या. रंगकाम, इंजिनाचे काम, गादीकाम यांची जुनी बिले एकत्र करा. चारही बाजू, इंजिन, डॅशबोर्ड आणि डिकी यांचे दिवसाच्या उजेडातील फोटो काढा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी निवृत्त झाली. टॅक्सींमुळे जे सुटे भाग आणि कारागीर सहज मिळत ते यापुढे मिळणार नाहीत, ही गोष्टही अधिकाऱ्यापुढे मांडण्यासारखी आहे, कारण दुरुस्तीचा खरा खर्च त्यावर ठरतो.

विमा नव्याने सुरू होत असेल किंवा मध्ये खंड पडला असेल, तर कंपनी गाडीची पाहणी करवते. माझ्या गाडीसाठी आलेल्या सर्वेक्षकांनी बॉनेट उघडून चॅसिस क्रमांकावर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून त्यावरून घासली. आकडे कागदावर पांढरे उमटले तेव्हा त्यांनी ते आरसीशी एकेक करून ताडून पाहिले. मग पायाखालची मॅट उचलून त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तळाचा पत्रा ठोकत नेला. जिथे आवाज बद्द आला तिथे बोट लावून पाहिले आणि ‘डावीकडील तळपत्रा गंजलेला’ अशी नोंद केली. आपल्याकडेही असेच होईल आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. आधीपासून असलेले नुकसान पॉलिसीबाहेर राहते, हे योग्यच आहे. फक्त पाहणी अहवालाची प्रत आग्रहाने मागून घ्यावी, म्हणजे पुढे नव्या नुकसानाला जुने म्हणण्याची सोय उरत नाही. पाहणीपूर्वी आरसीचे पंधरा वर्षांनंतरचे पंचवार्षिक नूतनीकरण झाले आहे ना आणि पीयूसी चालू आहे ना, हे तपासून घ्या. मुदत संपलेल्या आरसीवर काढलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी अडचणीत येते.

गॅरेज नसण्याची खरी किंमत मोजावी लागते ती विम्याच्या बाहेर. आग, चोरी, पूर, वादळ, फांदी कोसळणे, कुणी मुद्दाम केलेली नासधूस हे सारे पॉलिसीत येते; गंज, रंग उडणे, रबर तडकणे ही झीज मानली जाते आणि ती कधीच भरून मिळत नाही. शिवाय गाडी सुरक्षित ठेवण्यासाठी विमेदाराने वाजवी काळजी घेतली पाहिजे, अशी अटच पॉलिसीत असते. प्लॅस्टिकचे कव्हर कोकणपट्टीच्या दमट हवेत आत घाम धरते आणि पत्रा उघड्यावर सडला नसता इतका त्याखाली सडतो. हवा खेळती ठेवणारे कापडी कव्हर घ्यावे आणि पाऊस उघडला की ते काढून गाडी वाळू द्यावी. बॅटरीला कटऑफ स्विच बसवावा. दरवाजाची आणि इग्निशनची किल्ली वेगळी असेल तर प्रत्येकीची दुसरी प्रतही जपून ठेवावी, कारण चोरीच्या दाव्यात कंपनी सर्व किल्ल्या मागते.

उघड्या आवारात पाण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांत किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते ठाण्याच्या माणसाला सांगायला नको. आवारात पाणी शिरले आणि ते चाकाच्या मध्यापर्यंत आले, तर पाणी ओसरल्यावर इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळा. पुराने भिजलेले वायरिंग आणि बैठका पॉलिसीत येतात. पण आत पाणी असताना चावी फिरवल्याने वाकलेला कनेक्टिंग रॉड हे ‘परिणामी नुकसान’ ठरवून नाकारले जाते. दारावरील पाण्याच्या रेषेचा फोटो काढा, बॅटरी सोडवा, कंपनीला कळवा आणि गाडी ओढूनच दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये न्या.

गाडी क्वचितच बाहेर निघत असेल आणि संपूर्ण विमा अगदीच मिळेना, तर थर्ड पार्टीला आग आणि चोरी यांचे संरक्षण जोडणारी मर्यादित पॉलिसी मागून पाहा. उघड्या पार्किंगमधील दोन मोठ्या धोक्यांची तरी त्यात सोय होते. थर्ड पार्टी मात्र कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार ती सक्तीची आहे. कंपनीने दावा अन्याय्यपणे नाकारला तर आधी तिच्या तक्रार विभागाला लेखी कळवावे आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. त्याला शुल्क नाही आणि वकील लागत नाही.

शेवटी, व्हिंटेज नोंदणीविषयी आपण केलेल्या विचारणेबद्दल. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते, म्हणजे आपल्या पद्मिनीला २०२८ पर्यंत थांबावे लागेल. नोंदणी शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. २०२२ च्या अधिसूचनेने अशा गाड्यांना थर्ड पार्टी हप्त्यात पन्नास टक्के सवलत दिली. त्या वेळच्या दराने आपल्या गाडीचे ३४१६ रुपयांचे १७०८ झाले असते. परंतु विमा टॅरिफमधील व्हिंटेजची व्याख्या वेगळी असून ती १९४० पर्यंत बनलेल्या गाड्यांपुरती आहे, आणि घसारा न कापता ठरलेली रक्कम देणारी खास ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसी टॅरिफने त्यांच्यापुरतीच ठेवली होती. त्यामुळे व्हिंटेज पाटी लावल्याने आयडीव्हीची वाटाघाट टळत नाही. उलट प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांखेरीज ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. माझी गाडी वयाने पात्र असूनही मी ही नोंदणी केलेली नाही, कारण मला ती घरच्यांना घेऊन चालवायची आहे. आपल्यालाही पद्मिनी चालवायचीच असेल, तर साधी नोंदणी ठेवावी आणि या वर्षीचा विमा मेअखेरीपूर्वी, पहिला पाऊस पडायच्या आत, पाहणीसह पूर्ण करून घ्यावा.