रंगमंचावरून कॅमेऱ्यामागे येताना

नाटकवाल्याला नटांशी बोलणं जमतं. अडतं ते प्रसंग वेगवेगळ्या शॉटमध्ये तोडताना. प्रेक्षक समोर एकाच जागी बसलाय असं धरून अख्खा प्रसंग वाइडमध्ये, म्हणजे लांबून सगळं दिसेल असा, घेतला जातो आणि एडिटला कापायला काही उरत नाही. म्हणून पहिली फिल्म तीन मिनिटांची, दोन पात्रांची, एका खोलीतली करा. आधी मास्टर, म्हणजे अख्खा प्रसंग एका सलग वाइड शॉटमध्ये, मग दोघांचे क्लोजअप. दोन पात्रांना जोडणारी रेषा मनात धरा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात. शॉट एकमेकांशी जुळावेत म्हणून पेला कोणत्या शब्दावर, कोणत्या हाताने उचलला हे टिपायला एक माणूस नेमाच.

सेकंदाला २५ फ्रेम घेत असाल तर शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) १/५० सेकंद, एवढं पाळलंत तरी सुरुवातीला पुरे.

खरी मेहनत आवाजावर घ्या. कॅमेऱ्यावरचा माइक लांब पडतो आणि खोलीचा घुमारा पकडतो. बूम (लांब काठीवरचा माइक) फ्रेमच्या जेमतेम बाहेर, तोंडापासून दीड-दोन फुटांवर हवा. सीन संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून त्याच खोलीची शांतता ३० सेकंद रेकॉर्ड करा. कटमधल्या आवाजाच्या फटी तिनेच बुजतात. हे हमखास विसरलं जातं.

रंगमंचावर व्हिडिओ आणायचा असेल तर समोरच्या प्रोजेक्टरने नटाची सावली पडद्यावर पडते. मागून टाकायचा तर जागा आधी मोजा: थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर ३ मीटर रुंद चित्राला पडद्यामागे ४.५ मीटर लागतात. बऱ्याच रंगमंचांवर पडद्यामागे तेवढी जागा नसते. तिथे शॉर्ट थ्रो, म्हणजे कमी अंतरावरून मोठं चित्र टाकणारा, प्रोजेक्टरच घ्या.