बॅलास्ट खोल समुद्रात बदललं, मग ट्रीटमेंट प्लांट कशाला?

तू विचारलंस, बॅलास्ट, म्हणजे जहाजाचा तोल राखायला बंदरात टाक्यांत घेतलेलं पाणी, खोल समुद्रात एक्स्चेंज केलं (बदललं) की बंदरातले जीव गेलेच, मग पाण्यातले जीव मारणारा एवढा महागडा प्लांट कशाला? मी चीफ ऑफिसर म्हणून दोन्ही पद्धती वापरल्या आहेत.

टाकी रिकामी झाली असं पंप सांगतो. एकदा आत उतरून बघ. फ्रेमच्या, म्हणजे टाकीच्या आतल्या लोखंडी फासळ्यांच्या, कोपऱ्यांत गाळ बसलेला असतो, पाणी बदललं तरी तो जागचा हलत नाही. काही सूक्ष्म शैवालांच्या सुप्त पेशी त्यात कित्येक महिने तग धरतात. एक्स्चेंजचा नियमही किमान ९५ टक्के पाणी बदला म्हणतो, तेही शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांवर, २०० मीटर खोलीत. खवळलेल्या समुद्रात टाक्या रिकाम्या करणं धोक्याचं, ते करूच नये.

म्हणून बॅलास्ट पाण्याबद्दलच्या २००४ च्या आंतरराष्ट्रीय करारात डी-२ नावाचं मानक आहे. किती पाणी बदललं हे त्यात बघत नाहीत, बाहेर काय सोडलं ते मोजतात: ५० मायक्रॉन आणि त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरला १० पेक्षा कमी. पटकीच्या जंतूंनाही मर्यादा आहे. प्लांट आधी पाणी गाळतो, मग उरलेले जीव यूव्ही (अतिनील) किरणांनी किंवा क्लोरीनने मारतो.

हे आपल्या दारातलंच दुखणं आहे. अमेरिकेकडच्या उष्ण किनाऱ्यांवरचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आढळला, पुढे मुंबईच्या गोद्यांतही. दिसायला शिनाण्यासारखा, पण बोटाच्या पेराएवढा. मचूळ पाण्यातही जगतो. तो जहाजाच्या बुडाला चिकटूनही फिरतो, म्हणून बूड साफ ठेवणंही तितकंच गरजेचं. हाच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विन शहरात सापडला, तेव्हा तिथल्या लोकांनी मरिना (छोट्या बोटींची गोदी) बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. तो मेला, सोबत तिथलं बाकीचंही बरंच मेलं. मरिनाला दरवाजे होते म्हणून जमलं; उघड्या खाडीत कुठून आणणार दरवाजे?

मी सेकंड ऑफिसर असताना एका गढूळ नदीतल्या बंदरात फिल्टर सारखा तुंबत होता. माल झपाट्याने उतरत होता, बॅलास्ट घेणं भाग होतं. बायपास उघडला गेला, म्हणजे पाणी प्लांटमधून न जाता थेट टाकीत गेलं, नोंद झाली नाही आणि तेच पाणी पुढच्या बंदरात सोडलं. मी गप्प राहिलो, ते आजही सलतं.

तू तसं करू नकोस. बायपास करावाच लागला तर बॅलास्टच्या रेकॉर्ड बुकात वेळेसकट लिही, कॅप्टनमार्फत पुढच्या बंदराला कळव. मग खोल समुद्रात त्या टाक्यांतलं पाणी काढून त्या धुवायच्या आणि प्लांट चालू ठेवून पुन्हा भरायच्या. तुझं एक्स्चेंज तिथे आजही उपयोगी पडतं.